दिसतो तो पाळणा, जीव सांभाळते ती मागची बाजू! थीम पार्कच्या आड दडलेलं दुसरं जग नेमकं असतं कसं?

लग्नात पंगत बसते मांडवात, पण खरी धावपळ चालते मांडवामागे, आचाऱ्याच्या चुलीपाशी. तमाशात पुढे ढोलकी कडाडते तेव्हा कनातीमागच्या राहुटीत कुणी घुंगरू बांधत असतं, तर कुणी जनरेटरवर कान ठेवून बसलेलं असतं. पुढचं चांगलं दिसतं ते मागचं नीट चालू असतं म्हणून.

मोठमोठ्या थीम पार्कचंही अगदी तसंच आहे. शाळेची सहल खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आली की गावातल्या प्रत्येक मोबाईलवर पाळण्यांचे व्हिडिओ फिरतात. मुलं ओरडतात, गाडी उलटी होते, पोटात गोळा येतो. पण हा सगळा खेळ चालतो कुठून, त्याची मागची दारं कुठं उघडतात आणि रात्री तिथं कोण काम करतं, हे कोणत्याच व्हिडिओत नसतं.

हे समजून घेणं नुसतं गमतीचं नाही. गावच्या जत्रेत लेकराला पाळण्यात बसवताना आईबाप ज्या भरवशावर बसवतात, तो भरवसा तयार होतो याच न दिसणाऱ्या बाजूला.

पार्क जमिनीवर नाही, चक्क दुसऱ्या मजल्यावर!

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ डिस्नी कंपनीचं 'मॅजिक किंगडम' नावाचं पार्क आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते सुरू झालं. तिथं रोज हजारो लोक रस्त्यांवरून फिरतात. आपण जमिनीवरून चालतोय असंच त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्या पायाखाली आणखी एक अख्खा मजला असतो.

या खालच्या मजल्याला 'युटिलिडॉर' म्हणतात. म्हणजे कामासाठीचे बोगदे. त्यांचा पसारा थोडाथोडका नाही, जवळपास ९ एकर आहे! कर्मचाऱ्यांची ये-जा, त्यांच्या जेवणाची सोय, सामानाची साठवण, विजेच्या केबल, पाण्याचे पाइप असं सगळं या बोगद्यांत. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या सामान घेऊन तिथं फिरतात. रस्ता चुकू नये म्हणून वेगवेगळ्या भागांतल्या भिंतींना वेगवेगळे रंग दिलेले आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? याची एक गोष्ट सांगितली जाते. डिस्नीचं पहिलं पार्क 'डिस्नीलँड' १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात सुरू झालं. तिथं एक भाग जुन्या काळातल्या गुराख्यांच्या मुलखासारखा होता, तर दुसरा भविष्यातल्या जगासारखा. एकदा गुराख्याच्या वेशातला एक कर्मचारी ड्युटीवर जाण्यासाठी भविष्यातल्या भागातून चालत निघाला. मालक वॉल्ट डिस्ने यांनी ते पाहिलं आणि त्यांना ते खटकलं. रामाच्या सोंगात कुणी मोटरसायकलवरून जावं, तसाच तो प्रकार. पुढचं पार्क बांधताना कर्मचाऱ्यांची वाट वेगळीच ठेवायची, हा विचार तिथून पक्का झाला म्हणतात. स्वतः वॉल्ट डिस्ने १९६६ मध्येच वारले. हे बोगदे बघायला ते राहिले नाहीत.

आता खरी गंमत पुढे आहे. फ्लोरिडात जमिनीत पाणी अगदी वर आहे. थोडं खणलं की पाणी लागतं. अशा जागी तळघर बांधणं म्हणजे विहिरीत घर बांधण्यासारखं. म्हणून इंजिनिअरांनी उलटा विचार केला. बोगदे खाली खणण्याऐवजी ते जमिनीवरच बांधले. मग शेजारी एक मोठा तलाव खोदला आणि त्यातून निघालेली माती बोगद्यांच्या भोवती आणि वर टाकली. त्या भरावावर पार्क उभं राहिलं. शेततळं खोदायचं आणि त्याच मातीनं घराचं जोतं उंच करायचं, तसाच हा हिशोब. चढ इतका हळूहळू दिलाय की आपण एक मजला वर आलोय हे चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

कचरा गाडीतून नाही, नळीतून पळतो

याच बोगद्यांच्या छताखालून जाड पाइप गेलेले आहेत. ते पाण्याचे नाहीत, कचऱ्याचे! वर सफाई कर्मचारी कचऱ्याच्या पिशव्या ठरलेल्या जागी टाकतात. मग हवेच्या जोरावर त्या पाइपातून ओढल्या जातात. वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास. पिशव्या थेट पार्कच्या मागच्या बाजूला जाऊन पडतात. हे तंत्रज्ञान मूळचं स्वीडन देशातलं.

म्हणून एवढ्या गर्दीतही रस्त्यावरून कचऱ्याची गाडी जाताना दिसत नाही. कचरा झालाच नाही असं नाही, तो डोळ्यांआड नेण्याची सोय आधीच करून ठेवली आहे.

भुताची हवेली छोटी, आतला खेळ मोठा

कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये १९६९ साली 'हाँटेड मॅन्शन' म्हणजे भुताची हवेली सुरू झाली. बाहेरून बघितलं तर एखाद्या सावकाराच्या वाड्याएवढी इमारत. पण आत गेलं की खोल्यांमागून खोल्या, मोठा दिवाणखाना, स्मशान असं बरंच काही. हे सगळं त्या वाड्यात मावतं कसं?

उत्तर सोपं आहे. ते त्या वाड्यात नाहीच! या पार्कच्या भोवती मातीचा उंच बांध आहे आणि त्यावरून छोटी रेल्वे धावते. बांधाच्या आत लोकांची जागा, बाहेर गोदामासारखी मोठी इमारत. खरा खेळ त्या गोदामात चालतो. वाडा म्हणजे फक्त दरवाजा.

मग लोकांना रेल्वेच्या पलीकडे नेणार कसं? सुरुवातीला सगळ्यांना एका खोलीत उभं करतात. दार बंद होतं आणि भिंती हळूहळू लांब होत जातात. भिंतीवरची चित्रंही लांबतात. लोक घाबरतात. प्रत्यक्षात ती खोली म्हणजे एक लिफ्ट आहे. भिंती लांबत नाहीत, पायाखालची जमीन खाली जात असते. खाली पोचल्यावर एका भुयारी वाटेनं चालत लोक रेल्वेच्या रुळांखालून पलीकडे जातात. वाटेत भिंतीवरची चित्रं बघण्यात ते एवढे गुंग असतात की आपण पार्कच्या हद्दीबाहेर आलो हे कुणाला कळत नाही. म्हणजे ही लिफ्ट केवळ भीती दाखवण्यासाठी नव्हती, एक अडचण सोडवण्यासाठी होती. फ्लोरिडातल्या हवेलीत असं खाली उतरायची गरज पडली नाही. म्हणून तिथं जमीन जागेवरच राहते आणि छत वर सरकतं. बघणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच वाटतं.

त्याच कॅलिफोर्नियातल्या पार्कमध्ये १९६७ साली समुद्री चाच्यांचा खेळ सुरू झाला. तिथं लोक नावेत बसतात. अंधारात नाव अचानक धबधब्यावरून खाली घसरते आणि एकच किंकाळी उठते. कारण तेच! नाव रेल्वेखालून पलीकडच्या इमारतीत न्यायची होती. शेवटी तीच नाव उतारावरून पुन्हा वर ओढून आणली जाते.

ही गोदामं तर भलीमोठी असतात. ती झाकायची कशी? झाडं लावतात, बांध घालतात आणि जे उरतं त्याला एक खास मळकट हिरवा रंग देतात. डिस्नीत त्याला गमतीनं 'गो अवे ग्रीन' म्हणतात. हा रंग ना उठून दिसतो, ना लक्षात राहतो. नजर त्यावरून सरकून पुढे जाते.

काचेतलं भूत, दीडशे वर्षांहून जुनं

हवेलीच्या दिवाणखान्यात आरपार दिसणारी भुतं नाचतात. टेबल दिसतं, खुर्च्या दिसतात आणि त्यांच्यामधून जाणारी भुतंही दिसतात. यात प्रोजेक्टर नाही, कॉम्प्युटरची करामत नाही. मध्ये मोठमोठ्या काचा आहेत, एवढंच.

रात्री एसटीच्या खिडकीजवळ बसल्यावर बाहेरचा अंधार दिसतो आणि त्यातच आपला चेहराही दिसतो. हा खेळ तोच आहे. नाचणारे पुतळे प्रेक्षकांच्या गाडीच्या वर आणि खाली लपवलेले असतात. त्यांच्यावर उजेड पडला की त्यांचं प्रतिबिंब समोरच्या काचेत उमटतं. उजेड गेला की भूत गायब! लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी ही युक्ती रंगमंचावर दाखवली. म्हणून तिला आजही 'पेपरचं भूत' म्हणतात.

पण विचार करा, या काचेवर धुळीचा एक थर बसला तरी भूत काच होऊन जाईल. म्हणजे इथं खरी जादू करतो तो रात्री येऊन काच पुसणारा माणूस.

दिवे लावले की अंधारातला डोंगर कसा दिसतो?

फ्लोरिडात १९७५ साली 'स्पेस माउंटन' सुरू झाला. बाहेरून पांढरा डोंगर, आत किट्ट अंधार आणि त्यात धावणारी गाडी. बसलेल्यांना वाटतं आपण विमानाच्या वेगानं चाललोय. खरा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास. गावातली पोरं बाजाराच्या रस्त्यानं मोटरसायकल याहून जोरात हाणतात! अंधारात पुढचं वळण दिसत नाही, म्हणून वेग दुप्पट वाटतो.

कधी काही बिघाड झाला की आतले कामाचे दिवे लावतात. तेव्हा दिसतो तो खरा स्पेस माउंटन. एकमेकांवरून जाणारे रूळ, लोखंडी खांब, अरुंद जिने आणि रुळांच्या कडेनं गेलेल्या चालायच्या फळ्या. या वाटा देखभाल करणाऱ्यांसाठी असतात. गाडी मध्येच थांबली तर लोकांना उतरवून सुखरूप बाहेर आणायलाही त्याच कामी येतात. जिथं जिथं गाडी थांबवायची सोय आहे, तिथं माणूस पोचेल अशी वाट लागतेच.

कॅलिफोर्नियात १९५९ साली बांधलेला 'मॅटरहॉर्न' डोंगरही असाच आतून पोकळ आहे. गोल नळीसारखे पोलादी रूळ वापरलेला हा जगातला पहिला रोलर कोस्टर. डोंगराच्या आत वरच्या बाजूला कर्मचाऱ्यांनी चक्क बास्केटबॉलची रिंग लावलेली आहे!

गाडी रुळावरून उडत का नाही?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. गाडी उलटी होते, तरी पडत नाही. कारण तिला नुसती रुळावर चालणारी चाकं नसतात. एक चाक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक रुळाच्या खाली. तिन्ही मिळून रुळाला मुठीत धरल्यासारखं पकडतात. खालच्या चाकाची ही युक्ती अमेरिकेतल्या जॉन मिलर यांनी १९१९ च्या सुमारास पेटंट केली. त्यानंतर उंच आणि तीव्र उताराचे रोलर कोस्टर बांधता येऊ लागले.

साखळीनं गाडी वर चढताना 'कट-कट-कट' आवाज येतो. बऱ्याच जणांना वाटतं काहीतरी मोडतंय. उलट तो आवाज धीर देणारा आहे. गाडीखाली एक लोखंडी खुंटी असते, ती खाचेतून खाचेत पडत जाते. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ही सोय. विहिरीच्या रहाटाला मागे फिरू न देणारा अडसर लावावा, तशी.

ब्रेकचंही तसंच. अनेक ठिकाणी ब्रेक हवेच्या दाबानं उघडतात आणि दाब गेला की आपोआप आवळले जातात. ट्रकची हवा गेली की मागची चाकं जाम होतात, तोच नियम. म्हणजे वीज गेली किंवा पाइप फुटला तर गाडी सुटत नाही, थांबते. बिघाड झाला की यंत्र सुरक्षित बाजूलाच पडलं पाहिजे, हे यामागचं सूत्र.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'ब्लॉक'. एका रुळावर एका वेळी अनेकदा एकाहून जास्त गाड्या धावत असतात. त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून रुळाचे भाग पाडलेले असतात. एका भागात एकच गाडी. पुढचा भाग रिकामा झाल्याशिवाय मागच्या गाडीला कॉम्प्युटर पुढे सोडत नाही. आपल्या रेल्वेच्या सिग्नलची पद्धत हीच आहे. पुढच्या भागात गाडी असेल तर मागचीला लाल.

रात्रपाळी: पार्क झोपतं तेव्हा कामाला लागणारी माणसं

शेवटचा माणूस गेटबाहेर पडला की दुसरी मंडळी आत येतात. हातात बॅटरी, पाना, कमरेला पट्टा. ते रुळाच्या कडेनं चालत जातात. कुठं चीर दिसते का, कुठं गंज धरलाय का, कुठला नट सैल झालाय का, हे बघतात.

यात एक साधी पण फार कामाची युक्ती वापरतात. नट पूर्ण आवळला की त्याच्यावरून आणि शेजारच्या लोखंडावरून रंगाची एक सरळ रेघ ओढतात. उद्या नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. शंभर नटांना पाना लावून बघण्यापेक्षा नजर टाकली की कळतं.

डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायला वेगळे उपाय आहेत. लोखंडाला चुंबकत्व देऊन त्यावर बारीक लोहचूर्ण टाकतात. चीर असेल तिथं चूर्ण गोळा होतं. सोनोग्राफीसारख्या ध्वनिलहरी सोडूनही धातूचा आतला भाग तपासतात.

काम करताना यंत्र अचानक चालू होऊ नये म्हणून एक कडक नियम असतो. मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. पाच माणसं काम करत असतील तर पाच कुलपं. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढत नाही तोवर वीज सुरू होत नाही. आपल्याकडे जाणता वायरमन खांबावर चढण्याआधी डीपीतला फ्यूज काढून खिशात ठेवतो, ती हीच रीत. मळणी यंत्रात हात घालण्याआधी हे एवढं पाळलं तरी किती बोटं वाचतील!

पहाटे रिकामी गाडी फिरवून बघतात. काही ठिकाणी माणसांच्या वजनाएवढे पाण्याचे पुतळे सीटवर बसवून फेऱ्या मारतात. मग तपासणीच्या कागदावर सही होते आणि त्यानंतरच गेट उघडतं.

एक बोल्ट, एक आवाज आणि एक जीव

हे सगळं लिहिल्याप्रमाणे झालं तर ठीक. नाही झालं तर?

५ सप्टेंबर २००३. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये 'बिग थंडर माउंटन' या रोलर कोस्टरला अपघात झाला. २२ वर्षांचा एक तरुण गेला, १० जण जखमी झाले. जगातल्या सगळ्यात नामांकित पार्कमध्ये ही वेळ आली. राज्य सरकारच्या तपासात देखभालीतली चूक पुढे आली. एका चाकाचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते आणि ते सुटू नयेत म्हणून लावायची तारही लावलेली नव्हती. गाडीतून वेगळाच आवाज येत असल्याचं आधी लक्षात आलं होतं. तरी ती धावू दिली गेली.

यंत्र म्हणालं 'थांब', माणूस म्हणाला 'जाऊ दे'

दुसरी घटना इंग्लंडची. ऑल्टन टॉवर्स या पार्कमध्ये 'स्मायलर' नावाचा रोलर कोस्टर आहे. तब्बल १४ वेळा माणसाला उलटं करणारा.

२ जून २०१५ रोजी दुपारी त्यात बिघाड झाला. इंजिनिअर दुरुस्तीला आले. त्याच दरम्यान रुळावर आणखी एक गाडी वाढवण्यात आली. चाचणीसाठी एक रिकामी गाडी सोडली, पण ती पूर्ण फेरी न मारता मध्येच अडकून पडली. इंजिनिअरांना ती दिसली नाही. सगळ्या गाड्या जागेवर आहेत असं त्यांना वाटलं.

त्यानंतर माणसांनी भरलेली गाडी सोडली. कॉम्प्युटरनं ती मध्येच थांबवली. कारण पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी उभी होती. यंत्रणा आपलं काम चोख करत होती. पण इंजिनिअरांना वाटलं यंत्रच चुकतंय. त्यांनी ती सूचना बाजूला सारून गाडी हातानं पुढे सोडली. ती थेट रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली.

१६ जण जखमी झाले. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. गाडी उंचावर तिरकी अडकली होती, लोकांना खाली आणायला काही तास लागले.

पुढे सरकारी तपास झाला. रूळ चांगला होता, गाड्या चांगल्या होत्या, गाड्यांमध्ये अंतर ठेवणारी यंत्रणाही चांगली होती. मग चुकलं काय? अशा वेळी पायरीपायरीनं काय तपासायचं, याची नीट पद्धतच इंजिनिअरांना घालून दिलेली नव्हती. म्हणून दोष केवळ त्या माणसांवर ढकलून कंपनीला सुटता आलं नाही. २०१६ मध्ये न्यायालयानं चालक कंपनी मर्लिनला ५० लाख पौंडांचा दंड ठोठावला.

दोन्ही घटनांत धोक्याची खूण आधी मिळाली होती. एकीकडे आवाज आला, दुसरीकडे गाडी आपोआप थांबली. दोन्हीकडे त्या खुणेवर थांबून विचार झाला नाही.

जत्रेतल्या पाळण्याचं वेगळं काय?

थीम पार्कचा पाळणा एकाच जागी, पक्क्या काँक्रिटच्या पायावर वर्षानुवर्षं उभा असतो. जत्रेतला आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन मात्र दर काही दिवसांनी नव्या गावात. प्रत्येक वेळी सगळे नट-बोल्ट उघडायचे, ट्रकमध्ये भरायचे, पुन्हा जोडायचे. पार्कमध्ये एकदा होणारं काम इथं वर्षातून कितीतरी वेळा होतं. आणि दरवेळी एखादी खीळ विसरण्याची शक्यता असते.

शिवाय जमीन दर गावाला वेगळी. मुरमाड माळावर पाळणा पक्का बसतो. काळ्या मातीच्या रानात लाकडी ठोकळ्यांवर उभा केलेला पाळणा अवकाळी पावसाच्या एका सरीनंतर एका बाजूला खचू शकतो. पाळणा उभारणारी कसबी माणसं हे जाणतात. सकाळी फिरून ठोकळे बघणारी, पाणसळ लावणारी मंडळी जत्रेतही असतात. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण संध्याकाळी दिवे लागल्यावर जातो.

भारतीय मानक ब्युरोनं अशा पाळण्यांच्या सुरक्षेसाठी मानकं प्रसिद्ध केलेली आहेत. पण जत्रेच्या गर्दीत सामान्य माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी काय बघता येईल, तेही महत्त्वाचं.

बसण्याआधी एवढं बघा

• आधी एक फेरी नुसती उभं राहून बघा. पाळणा एका बाजूला झुकतोय का, खालचे ठोकळे हलतात का, मध्येच खडखड असा वेगळा आवाज येतो का?

• सीटचा दांडा किंवा साखळी लागल्यावर हातानं हलवून बघा. पिन अर्धवट वाटली, पिनेच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर बसू नका, खाली उतरा.

• चालवणारा माणूस पाळण्याकडे बघतोय की मोबाईलमध्ये? प्रत्येक सीट स्वतः तपासतोय का?

• ओढणी, पदर, लांब मोकळे केस बांधून घ्या. चाकात आणि दांड्यात अडकतात ते हेच.

• उंचीचा फलक लावलेला असेल तर 'आमचा छोटा धीट आहे' म्हणून हट्ट करू नका. प्रश्न धीटपणाचा नसतो, दांडा त्याच्या अंगाला नीट बसतो की नाही याचा असतो.

• सेल्फी आणि रीलसाठी हात बाहेर काढू नका. रूळ, खांब आणि चालायच्या फळ्या अंधारात वाटतात त्याहून जवळ असतात.

• जोराचा वारा, पाऊस, विजा असतील तर उंच पाळणा टाळा.

आणि पाळणा थांबला तर?

असं अनेकदा होतं. रांग लांबलेली असते, तिकिटं फाडलेली असतात आणि पाळणेवाला अचानक पाळणा थांबवतो. एक पोरगा पाना घेऊन वर चढतो. खाली शिट्ट्या सुरू होतात. 'ए, चालू कर की!' 'पैसे परत दे!' असा गलका होतो.

तो पोरगा वर काय करत असतो? जे काम मोठमोठ्या पार्कमध्ये रात्रपाळीची माणसं करतात, तेच. आवाज आला म्हणून बघतोय. नट सैल वाटला म्हणून आवळतोय. कॅलिफोर्नियात त्या दिवशी हेच व्हायला हवं होतं.

खालून गलका वाढला की वरच्या माणसाचा हात घाईला येतो. म्हणून पुढच्या जत्रेत पाळणा तपासणीसाठी थांबला, तर शिट्टी वाजवू नका. दहा मिनिटं उसाचा रस प्या, लेकराला फुगा घेऊन द्या. आणि काम उरकून तो पोरगा खाली उतरला की त्याला विचारा, 'झालं का रं नीट?' तो 'झालं' म्हणाला की मग बसा.